केसरआजीनं बटन बंद केलं

मी गोपाल. खामगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं, अन् स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणलं की मशीन हळू चालते, तं माझं एकच उत्तर: फॉर्मॅट मारा. जुनं सारं पुसून टाका, नवीन विंडोज टाका, घंट्याभरात मोकळे. पंधरा वर्षं झाली, सगळ्याइले हेच औषध देऊन राह्यलो. पिंपळगाव राजाच्या महामायाताईले बी फोनवर तेच सांगतलं, तं तिनं मलेच झापलं.

"गोपालभाऊ, तो शब्द माझ्या दुकानात काढाचा नाही. काढाचा असंन तं येऊच नका."

मले राग आला. मी फोन ठेवून देला. मंग पाच मिनिटांनी मीच परत लावला, काऊन की ही बाई उगाच बोलणारी नाही, हे मले माहीत होतं.

ताईचं माहेर सोनाळ्याचं. मायबाप दोघंही रोजमजुरीले जात. दहावी झाल्यावर पोरगी शेगावले मामाच्या घरी राह्यली अन् टायपिंग लावलं. मराठी तीसची परीक्षा झाली, मंग चाळीसची. लग्न होऊन पिंपळगाव राजात आली तवा रुखवतात भांडीकुंडी कमी अन् एक जुना टाईपरायटर होता, ह्याच्यावर बायका लय हसल्या म्हणते. नवरा प्रसेनजित वीज कंपनीत लाईनमन. त्याची ड्युटी तिकडे जळगाव जामोदकडे, शनिवारी घरी येतो. त्यानं घराच्या पुढची खोली मोकळी करून देली, शटर लावून देलं, अन् बाई अर्ज टाईप कराले बसली ते आजपर्यंत बसलीच आहे. टाईपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला, एवढाच फरक.

तिच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच उडून गेली. नुसत्या काळ्या वड्या राह्यल्या. ताईले अक्षरं लागतच नाहीत. इकडे गिऱ्हाइकासंग बोलते, तिकडे बोटं चालूच. गावात लग्न जुळलं की माणूस पहिले तिच्या दुकानात येते. बौद्धाच्या पत्रिकेवर तथागत अन् बाबासाहेब, कुणब्याच्या पत्रिकेवर गजानन महाराज, दोन्हीचे नमुने तिच्याकडे तयार. मोठीची पत्रिका काढते, तिच्यातूनच धाकटीची करते. कोणता काका रुसते म्हणून त्याचं नाव वरच्या ओळीत टाकाचं, कोण गेल्या साली वारला, सारं तिले तोंडपाठ आहे. आलेला माणूस विसरते, ही विसरत नाही.

आता घोर कशाचा होता ते सांगतो. तिच्या मशीनातली हार्ड डिस्क मराले टेकली होती. टक टक आवाज करे, अन् मशीन सुरू व्हाले वीस मिनिटं घे. तिचं मराठीचं सॉफ्टवेअर अठरा वर्षांआधी अकोल्याच्या एका माणसानं घरी येऊन टाकून देलं होतं. ती कंपनी बंद पडली. तो माणूस फोन उचलत नाही. सीडीवर इतके ओरखडे की आरसा म्हणूनही कामाची नाही. नवीन विंडोज टाकलं की ते सॉफ्टवेअर एक नंबर मागणार, अन् तो नंबर देणारं आता कोणी राह्यलं नाही.

"मंग नवीन सॉफ्टवेअर घ्या ना, ताई," मी फोनवर म्हणलो.

"एक्कावन्न वर्षांची झाली मी. तरी शिकन. पण माझ्या अठरा वर्षांच्या फायली त्याच्यात उघडत नाहीत, मी पाह्यलं करून. नुसते किडेमुंगे दिसतात." मंग म्हणे, "हे गेलं तं मी दुकान बंद करन, गोपालभाऊ."

रडून नाही सांगतलं. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगतलं. म्हणूनच मले ते लागलं.

फॉर्मॅटशिवाय एक रस्ता होता. तो किचकट आहे म्हणून मी कोणाले सुचवत नाही. जुन्या डिस्कवर जे आहे ते, विंडोज, सॉफ्टवेअर, फायली, एक कागद न हलवता जसंच्या तसं उचलून नव्या एसएसडीवर ठेवाचं. क्लोन म्हणतात त्याले. एसएसडी म्हणजे पत्त्याच्या कॅटाएवढी चपटी डबी. तिच्यात फिरणारी चकती नाही, त्यामुळं ती टकटकही करत नाही. झालं तं ताईचं मशीन होतं तेच राहते, फक्त पळाले लागते. पण त्याच्यासाठी मरणाऱ्या डिस्कनं एकदा तरी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत दम धरला पाह्यजे. ते माझ्या हातात नव्हतं.

बुधवारी गाडीच्या मागं माझा स्वतःचा यूपीएस बांधून गेलो, काऊन की तिकडे लाईनचा भरवसा नाही. दारात खुर्ची टाकून ताईची सासू बसली होती, केसरबाई. वय ऐंशीच्या वर, नजर पक्की. जय भीम घातला. आजीनं यूपीएसकडे पाह्यलं.

"हे काय डबडं आणलं बे?"

"लाईन गेली तं मशीन बंद पडू नये म्हणून, आजी."

"बंद पडलं तं काय होते?"

"पहिल्यापासून कराव लागते. अन् मंग होईनच असं नाही."

आजीनं मान हलवली. मी जुनी डिस्क अन् नवी एसएसडी दोन्ही जोडल्या. कोणतीवरून कोणतीवर कराचं, ते तीन वेळा पाह्यलं. तिथं उलटं झालं तं कोऱ्यानं भरलेलं पुसल्या जाते. मंग काम चालू केलं. स्क्रीनवर टक्के दिसाले लागले. डिस्क अशी रखडत चालली की दुपारी एक वाजला तरी एकाहत्तरच.

ताई म्हणे, जेवून घ्या. मी म्हणलो, इथून उठत नाही. ताईनं ऐकलं नाही. आजी म्हणे, "मी बसली ना इथं. कोणाले हात लावू देत नाही. जाय, जेव."

गेलो. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या दाण्याची भाजी, ठेचा. खरं सांगतो, सकाळपासून पहिल्यांदा जिवाले बरं वाटलं. दुसरी भाकर मोडली अन् डोक्यावरचा पंखा थांबला. पुढून यूपीएसचा टूं टूं आवाज आला. मी ताईले म्हणलो, घाबरू नका, ह्याच्यासाठीच तं आणला. पुढचा घास घेतला अन् तो टूं टूं पण बंद झाला.

हात न धुता पळालो.

शटर अर्धं खाली ओढलेलं. स्क्रीन काळी. आजी बाहेर ओट्यावर, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी. अन् समोरून मयत चालली होती.

आमच्या इकडे वस्तीतून मयत गेली की चक्कीवाला चक्की थांबवते, शिंपी मशीन थांबवते, ज्याचा टीव्ही चालू असन तो बंद करते. मयत पुढं जाईपर्यंत घरघर, गाणंबजावणं काही नाही. हे कोणी कोणाले शिकवत नाही. आजीनं तेच केलं होतं. मशीनचा पंखा घुरघुरत होता, म्हणून तिनं साऱ्या घराचं मेन बटन बंद केलं. मंग यूपीएस ओरडाले लागला, तेही मयतीच्या तोंडावर. तिनं त्याचंही बटन शोधलं अन् दाबलं.

माझ्या घशाशी शिवी आली होती. पण मयतीपुढं काय ओरडता? ताई माझ्या बाजूले येऊन उभी राह्यली, तिनंही हात जोडले. मंग मीही उष्टे हात जोडले. मयत वरल्या आळीतल्या शेषरावाची होती. आजीनं त्याइच्या वावरात तीस वर्षं निंदण-खुरपण केलं होतं. पायांचा आवाज लांब गेला अन् मले राहवलं नाही.

"आजी, काय करून ठेवलं हे? सांगतलं होतं ना?"

आजी गोंधळली. "मी म्हणली होती, कोणाले हात लावू देत नाही. मी कोणाले लावू देला नाही."

मी अजून बोलणार होतो. ताईनं मले हातानं थांबवलं. "तिले बोलू नका, भाऊ. मयत समोर असती तं मीही तेच केलं असतं. मशीन पाहा."

मशीन चालू केलं. जुनी डिस्क दिसेना. आत नुसतं टक, टक, टक. पुन्हा चालू केलं. नाही. हे मी ताईले समजावून सांगतलं. अर्धी झालेली कॉपी काही कामाची नसते, पहिल्यापासून कराव लागते. जुनीवरचं आपण नुसतं वाचत होतो, त्यामुळं मजकूर पुसला गेला नसन. पण तापलेली म्हातारी डिस्क अशी एकदम बंद पडली की कधी कधी परत उठतच नाही. ताई म्हणे, "आता?" मी म्हणलो, "थंड होऊ द्या." दुसरं काही मले येत नव्हतं.

डिस्क काढून सावलीत फरशीवर ठेवली अन् आम्ही तिघंही तिच्याकडे पाहत बसलो. पाऊण तास. मले माझाच राग येत होता. जेवाले उठलोच काऊन? अन् म्हातारीवर ओरडलो काऊन? मधात आजीनं बारीक आवाजात विचारलं, "माझ्यानं गेलं का वं, माये?"

"गेलं नाही, आई. थंड होऊन राह्यलं."

डिस्क परत लावली. बटन दाबलं. टक. मंग एक लांबलचक घर्र, अन् यादीत तिचं नाव आलं. मी ताईकडे पाह्यलं नाही, सरळ काम चालू केलं. शून्यापासून.

आजीनं खुर्ची ओढून मेन बटनाच्या खाली आणली अन् काठी आडवी धरून बसली. पत्रिका विचाराले पुष्पाबाई आली, तं आजी म्हणे उद्या ये. पुष्पाबाई म्हणे, कायले? आजी म्हणे, म्हणलं ना उद्या. मी तिथून हललो नाही. चहासुद्धा तिथंच घेतला. एकाहत्तरवर आकडा परत अडला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. डिस्क आतून ओरबाडल्यासारखा आवाज काढत होती. मंग बहात्तर झाले. ताईनं एवढ्या वेळात पहिल्यांदा पाठ टेकली.

सात वाजून गेले तवा शंभर झाले. जुनी डिस्क काढली, नवी तिच्या जागेवर लावली. विंडोज इतक्या लवकर आलं की ताई पाण्याचा पेला घेऊन येईपर्यंत तिचा डेस्कटॉप समोर होता. जागच्या जागी सारं. मागं लावलेला नातेवाईकाच्या लग्नातला फोटो पण.

पण एक गोष्ट मी दिवसभर तिले सांगतली नव्हती. ती आता सांगाव लागली. काही सॉफ्टवेअर डिस्क ओळखून ठेवतात. डिस्क बदलली की परत नंबर मागतात. हे मागते का नाही, मले माहीत नव्हतं.

ताई म्हणे, "मंग मीच उघडते."

तिनं माऊस धरला. दोनदा दाबलं. एक पांढरी चौकट आली. मले वाटलं, मागतला आता नंबर. चौकट आली तशी गेली, अन् शाळेनं टाईप कराले देलेला दहावीच्या सराव परीक्षेचा अर्धा पेपर उघडला, प्रश्न चौथा, जिथं तिनं सोमवारी सोडला होता तिथंच.

नंबर मागतला नाही.

ताईनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले अन् प्रश्न पाचवा टाईप केला. थांबली नाही, पाह्यलं नाही, सरळ टाईप केला. मंग पदर तोंडाले लावला अन् रडली. मंग हसली. मले इतकं हायसं वाटलं की काय सांगू. आमच्या डिप्लोम्याच्या निकालाच्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं. मी आजीच्या पाया पडलो अन् म्हणलो, "आजी, मघाशी जास्त बोललो." आजीनं डोक्यावर हात ठेवला, पण तिचं ध्यान सुनेकडेच होतं.

"झालं का वं?"

"झालं, आई. सारं आहे. काहीच गेलं नाही."

आजीनं आडवी काठी बाजूले ठेवली. मंग म्हणे, "मंग मी जाईन तवा तू मशीन बंद करशील का नाही?"

तिनं सासूकडे पाह्यलं.

"करन, आई. पण आधी सेव्ह करन."

आजीनं माझ्याकडे पाह्यलं. मी म्हणलो, "केलेलं काम जपून ठेवाले सेव्ह म्हणतात, आजी."

"मंग आधी तेच कर," आजी म्हणे. "मले काही घाई नाही."