गार पाण्याचा स्टार्टअप

कुवेतमध्ये खिडकी कितीही पुसा, दुपारपर्यंत चौकटीत पुन्हा धूळ जमतेच. आमच्या प्रोजेक्टचे किस्से तसेच जमत गेलेत. मेधा, म्हणजे आमची सौ., म्हणते, "पाहुणे टेकले नाहीत तोवर तुमचं तेच सुरू!" होतं खरं. सांगून टाकलं की जरा हलकं वाटतं.

आधी परिस्थिती सांगतो. सोळा वर्षं मी इथल्या एका बँकेच्या आयटीत. वर्षभरात माझी जागा स्थानिक माणसाला जाणार, हे साहेबांनी मला चहा पाजून सांगितलं होतं. त्यांचा देश, त्यांची खुर्ची, तक्रार कुणाकडे करणार! पण नोकरी गेली की इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवानाच संपला. आणि आमच्या सोहमची बारावी नुकतीच सुरू झालेली. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी युनिव्हर्सिटीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसलो. विषय हायटेक उद्योजकता! वाटलं, स्वतःचं काहीतरी उभं राहील. मनातून घाबरलो होतो, हेही सांगतो.

*

टीममध्ये आम्ही तिघं. शिरीन इजिप्तची, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी, कोडिंग तिच्याकडे. आणि बदर, चोवीस वर्षांचा कुवेती मुलगा. पहिल्या मीटिंगला चाळीस मिनिटं उशिरा आला, पण तिघांसाठी चहा घेऊन आला. इथे बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून मी त्याच दिवशी 'अबू सोहम' झालो.

कामं वाटायला घेतली, तर बदर म्हणाला, "अबू सोहम, स्लाइड तुम्ही करा, वाचतो मी."

मला वाटलं, गंमत करतोय. नव्हता करत! चार महिने मी स्लाइड केल्या, त्याने वाचल्या. पण काय वाचायचा! असा खणखणीत आवाज की वर्ग टाळ्या वाजवायचा. माझीच वाक्यं मला त्याच्या तोंडून पहिल्यांदा पटली.

*

आयडिया माझी. उन्हाळ्यात इथे गच्चीवरची टाकी इतकी तापते की नळाखाली हात धरवत नाही. तर टाकीत सेन्सर सोडायचा आणि मोबाइलवर ॲप. पाणी अंघोळीजोगं झालं की फोन वाजणार!

सोहमला मोठ्या हौसेने दाखवलं. तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, इन जुलै इट विल नेव्हर रिंग."

"पोरांना काय कळतंय!" मी म्हणालो आणि पुढची स्लाइड करायला घेतली.

*

सेन्सर बसवायला दत्ताराम आला. हा देवगडचा, इथे प्लंबर, राहायला सुलैबियात, कामगारांच्या वस्तीत. दर गणपतीत आमच्याकडे आरतीला असतो. त्याने आमच्याच बिल्डिंगच्या टाकीवर डबी बसवली. दोन दिवस ॲपवर आकडे झकास आले. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं गप्प!

दत्तारामने डबी खाली आणली. हातात ती मेणासारखी मऊ लागत होती.

"साहेबांनू, ह्यो उन्हान मेलो!"

उष्णता मोजायला लावलेलं यंत्र उष्णतेने गेलं. शिरीन दोन मिनिटं कपाळाला हात लावून बसली आणि म्हणाली, "चला, टेस्टिंग झालं."

*

आमच्या प्राध्यापिका डॉक्टर हनान. बाईंचा एकच प्रश्न असायचा, "ग्राहकाशी बोललात का?" निम्मे मार्क त्यावर होते, आणि मार्क सगळ्या टीमला सारखेच.

बदर म्हणाला, "सर्व्हे माझ्यावर सोडा." आठवड्याने चाळीस माणसांची यादी घेऊन आला. चाळीसच्या चाळीस जण म्हणाले होते, कल्पना अप्रतिम! मी त्या दिवशी घरी जाताना मिठाई घेतली. सोळा वर्षांत इतका हलका झालो नव्हतो.

पुढच्या वर्गात बाईंनी विचारलं, "यातले किती जण हे बसवून घेतील?"

"कुणीच नाही, डॉक्टर," बदर शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी दिवाणियात गप्पा मारत बसले होते, तिथे विचारलं. सगळे माझे काका-मामा आहेत. बैठकीत मुलाला नाही कसं म्हणतील?"

*

मग खरे ग्राहक शोधायला मी सुलैबियात, दत्तारामच्या खोलीवर गेलो. एका खोलीत सहा जण. छापील प्रश्नावली काढून विचारलं, "उन्हाळ्यात अंघोळीच्या पाण्याचा किती त्रास होतो?"

"त्रास कसलो?" दत्ताराम म्हणाला. त्याने पायाकडे बोट दाखवलं. एसीसमोर ओळीने सहा बादल्या भरून ठेवलेल्या! "सांजेक भरूची, सकाळी न्हावची. नायतर गिझर बंद ठेवूचो. गरम पाण्याचो नळ सोडलो की आतला, रातभर गार झालेला पाणी येता. तुमच्याकडे काय करतत?"

घरी आलो, बूट न काढता बाथरूममध्ये गेलो. गिझरचं बटण बंद. त्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात 'ऑक्टोबरपर्यंत चालू करू नये'.

सोळा उन्हाळे मी त्याच पाण्याने अंघोळ करत होतो! चार महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नाही. नोकरी जाणार या भीतीने माणूस इतका आंधळा होतो, हे मला तेव्हा कळलं. तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

"काखेत कळसा," मेधा दारातून म्हणाली. गावाला वळसा तिने मला म्हणायला ठेवला.

*

डेमो डेला तीन परीक्षक होते. बदरने आमच्या सगळ्या स्लाइड नेहमीसारख्या दणक्यात वाचल्या. शेवटी आमच्याच बँकेच्या बोर्डावरच्या एका वयस्कर परीक्षकांनी हळूच विचारलं, "बाळा, गिझर बंद ठेवला तर?"

शिरीनने डोळे मिटले. मी छताकडे पाहिलं.

"तर मग आमची गरज नाही, सर," बदर म्हणाला. "कुणालाच नाही. आम्हाला हे उशिरा कळलं."

सभागृह हसलं. आम्ही काठावर पास झालो. ते परीक्षक मात्र बदरला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते. "खरं बोलणारा मुलगा आहे," जाताना मलाही म्हणाले. मी म्हटलं, "हो, फार गुणी."

*

तीन आठवड्यांनी साहेबांनी मला पुन्हा चहाला बोलावलं. तेव्हाच ओळखलं! माझ्या जागेवरचा माणूस नेमला होता. तीन महिन्यांत त्याला सगळं शिकवून हॅण्डओव्हर द्यायचा. आणि सोहमची परीक्षा त्याच्या पुढच्या, चौथ्या महिन्यात.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, माणूस आला. चाळीस मिनिटं उशिरा. हातात दोन चहा.

बदर दारातच थांबला. त्याने दारावरची माझ्या नावाची पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी.

"अबू सोहम," तो म्हणाला, "वल्लाह, मला फक्त डिपार्टमेंट सांगितलं होतं."

मी म्हटलं, "ये, बस. चहा गार होईल."

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. साहेबांना हॅण्डओव्हरचं पहिलं प्रेझेंटेशन दुपारीच हवं होतं. मी कॉम्प्युटर उघडला आणि स्लाइड करायला घेतली. सवयीने बदर पुढे वाकला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. वरचं शीर्षक वाचलं, तारीख वाचली. खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'जाणारे अधिकारी', आणि पुढे माझं नाव.

तिथे तो थांबला. चहाचा कप बाजूला सरकवला.

"एवढी ओळ तुम्ही वाचा, अबू सोहम."