चेंडूला हात न लावलेला माणूस

"चेंडू? चेंडूला मी कधी हातही लावला नाही," असं म्हणून तो दोन्ही पंजे पुढे करायचा. उजव्या हाताची करंगळी बाहेर वळलेली, मधलं बोट पेरातून वाकडं. समोरचा माणूस त्या बोटांकडे बघत राहायचा आणि मग उरलेला वेळ आमच्यापैकी दुसऱ्या कुणाकडे बघायचाच नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. आमच्या सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये हा अमेरिकेहून बदली होऊन आला. आईवडील कोल्हापूरकडचे, हा जन्मला-वाढला टेक्सासमध्ये. राहायला माझ्याच यिशुनच्या कॉन्डोत, त्यामुळे कंपनीच्या बसमध्येही शेजारी. माझ्या वाट्याला अर्धी सीट यायची.

हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलमध्ये तो लाइनमन होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहायचं आणि धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, एवढंच त्याचं काम. शाळेत कोचनं त्याला वर्गाबाहेर बोलावून विचारलं होतं, "तू जेवतोस काय?" "आईच्या हातची भाकरी," यानं सांगितलं. पुढे शाळा राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. मग कॉलेजांची माणसं याच्या घरी येऊन पिठलं-भाकरी खाऊन गेली आणि याचं शिक्षण फुकट झालं. तिसऱ्या वर्षी गुडघा फिरला, ऑपरेशन झालं. शेवटच्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून तो पुन्हा उभा राहिला, तेही कॅप्टन म्हणून. व्यावसायिक संघांनी मात्र तो गुडघा बघून नको म्हटलं. "मग काय, इंजिनिअर झालो," हे तो असं सांगायचा, जसं काही बस चुकली म्हणून चालत आलो.

मीसुद्धा सांगलीला कॉलेजकडून कबड्डी खेळायचो. डावा कोपरा. चांगला खेळायचो. एका दिवाळीला कॉन्डोच्या क्लबहाउसमध्ये मी हे सांगून पाहिलं. "अरे वा," एक जण म्हणाला आणि लगेच त्याच्याकडे वळला, "तो गुडघ्याचा किस्सा सांग ना." माझी बायको तेव्हा त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत जोर मारले. पाठ धरली. बायकोनं मदतीला कुणाला बोलवावं? त्यालाच. "पालथा झोप," एवढंच म्हणून त्यानं त्या वाकड्या बोटांनी पाठ मोकळी करून दिली. वर माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, याला हसू नका हं." त्याच्यावर चिडावं असं त्याच्यात काही सापडायचं नाही, हा माझा खरा त्रास होता.

त्याची आई गेल्यावर वडील त्याच्याकडे राहायला आले. लहान चणीचे, हळू बोलणारे काका. एका रविवारी मी चहाला गेलो तर म्हणाले, "बस, याची मॅच दाखवतो." त्यांनी स्वतः केलेलं चित्रण टीव्हीवर सुरू झालं. प्रेक्षक ओरडत होते, कुठेतरी गुण होत होते, पण पडद्यावर एकच रुंद पाठ. तो पडला की कॅमेरा खाली, उठला की वर. गुडघा फिरला त्या मॅचला तर नुसतं गवत दिसत होतं आणि काकांचा आवाज, "ऊठ रे बाळा, ऊठ."

"काका, चेंडू कुठाय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला तो खेळ अजून कळत नाही. मी याला बघायला जायचो."

"बाबा, पुरे आता," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

माझे वडील मैदानावर एकदाच आले होते. रेषेबाहेर उभं राहून म्हणाले, "घरी चल. परीक्षा आहे." मी चालू सामन्यातून निघालो. तोवर मला त्याच्या बोटांचा, किस्स्यांचा, पुरणपोळ्यांचा हेवा वाटत होता. तो सोसता आला असता. त्या सोफ्यावर जे वाटलं ते सोसवेना. मी चहा अर्धा टाकून उठलो.

मॅनेजरची जागा त्याला मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, मला टेक्सासला माझ्या घरी ने. यानं राजीनामा दिला. जागा मला मिळाली. "तू नीट सांभाळशील," असं म्हणून त्यानं माझा हात दाबला. तेव्हाही तोच मोठा ठरला.

चांगी विमानतळावर मी आणि बायको त्यांना सोडायला गेलो. तो काउंटरवर सामान देत होता. व्हीलचेअरवरून काकांनी मला जवळ बोलावलं.

"तूही काहीतरी खेळायचास ना?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी आपणहून विचारलं नव्हतं. "कबड्डी," मी म्हणालो.

"बघायला कोण यायचं?"

"बाबा यायचे," मी म्हणालो. "प्रत्येक सामन्याला."

काकांचा चेहरा उजळला. चालत्या हातानं त्यांनी माझा हात थोपटला. मग तो आला, मला मिठी मारली आणि खुर्ची ढकलत आत निघाला. थोडं पुढे गेल्यावर थांबून खाली वाकला, काकांच्या स्वेटरचं निसटलेलं बटण लावलं आणि तसंच वाकून ते काय म्हणताहेत ते ऐकत राहिला. बायको केव्हाच लिफ्टकडे गेली होती. मी काचेला नाक लावून तिथंच उभा होतो.