अप्पाच्या तोंडावर मारलेली बुक्की

मत्फीचे हात सदा शिवशिवत. गावात त्याच्याशी बोलताना माणसं दोन पावलं मागे उभी राहायची, आणि ते शहाणपणाचंच होतं. सामन मासळीच्या जाळ्यावरून त्याने चुलतभावाचे दात पाडले होते. त्याची बायको ओल्गा एका वसंतात विमानात बसली ती परत आलीच नाही, आणि का गेली हे कुणी विचारलं नाही. दोन घरं सोडूनही ऐकू येत होतं.

हे हात त्याला बापाकडून मिळाले. त्याचा बाप, अंगलगाक, वल्ह्याने मारायचा. मारण्याआधी दर वेळी म्हणायचा, "बाप आहे मी तुझा!" आणि मग वल्हं. मत्फी विशीत आला, खांदे बापाहून रुंद झाले, आता एकदा परत द्यायची असं त्याने ठरवलंही. तेवढ्यात नदीवरचा बर्फ फुटून बाप खाली गेला. मनातली बुक्की मनातच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात शेजारी मुलगी झाली. मत्फीच्या आईने तिच्या ओठांना पाणी लावून तिला अंगलगाकचं नाव दिलं. चर्चमधलं नाव पारास्केवा, थोडक्यात पारास्का, पण ते चर्चपुरतं. आमच्याकडे नाव गेलं की माणूस गेला, आणि नाव आलं की माणूस परत आला. त्यामुळे पाळण्यातली ती पोर मत्फीची अप्पा, म्हणजे बाप, झाली. त्याला आधी हे अजिबात रुचलं नाही. "मेला तरी पाठ सोडत नाही थेरडा!" म्हणाला.

पण ही अप्पा वेगळी निघाली. चालायला लागली तशी दार न वाजवता त्याच्या घरात शिरायची, पलंगावर बसायची आणि हुकूम सोडायची, "पोरा, भूक लागली." सीलचं काळीज तिला, मूस हरणाच्या जिभेचा तुकडा तिला, चरबीत रानफळं घोटून केलेल्या अकुताकची पहिली वाटी तिला. एकदा त्याला ताप भरला तेव्हा तिने त्याच्या गालावर इवलासा हात ठेवला. मत्फी भिंतीकडे तोंड करून रडला. खऱ्या बापाचा हात त्या गालावर असा कधी टेकलाच नव्हता. ती मोठी झाली, खालच्या गावच्या याकोशी लग्न केलं, तिला मूल झालं, तरी ती आत शिरून हवं ते उचलून न्यायची. बाप मुलाला विचारतो कशाला?

मत्फीकडे गावच्या शेगड्यांच्या तेलाच्या पंपाची किल्ली होती. दुसरं कुणी ते काम घेईना, कारण उधार मागणाऱ्याला नाही म्हणायला छाती लागते.

त्या वर्षी नदी लवकर गोठली. वर्षाचं तेल घेऊन येणारं गलबत खालीच बर्फात अडकलं. मग तेल विमानाने येऊ लागलं आणि भाव दुप्पट झाला. आमच्या टुंड्रात जाळायला झाड नाही. आहे ती विलोची काटकुळी झुडपं, ती पेटेपर्यंत माणूस गारठतो. लोकांनी जुन्या होड्या जाळल्या, वाफेच्या न्हाणीच्या फळ्या जाळल्या, तीन घरं मिळून एका शेगडीपाशी झोपू लागली. दोन सख्खे भाऊ एका कॅनवरून भांडले आणि धाकट्याने थोरल्याचा कान चावून तोडला. त्यात गावच्या टाकीतलं तेल विकल्यापेक्षा जास्त उतरू लागलं.

दुकानात कुजबुज सुरू झाली. पंचांतला म्हातारा एवान सगळ्यांदेखत म्हणाला, "मत्फ्या, तुझ्या खिडकीवर बर्फ धरत नाही म्हणे यंदा. बरीच ऊब दिसते!"

"येऊन बघ की. पिंपाच्या तळाला गंज दिसतोय माझ्या."

"मग टाकी काय भुतं पितात?" एवानचा पुतण्या हसला.

मत्फीने त्याला मानेला धरून बाहेर नेलं आणि त्याचं तोंड बर्फात दाबून धरलं. चौघांनी सोडवलं तेव्हा पोरगं निळं पडलं होतं.

"झालं?" एवान म्हणाला. "आता ऐक. रविवारपर्यंत चोर आण, नाहीतर किल्ली ठेव. आणि चोराची किल्ली काढून घेतली की त्याला गावात ठेवत नाहीत, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. या गावाबाहेर मत्फीला कुणी नव्हतं, आणि गावात म्हणावं तर एक अप्पा होती.

शनिवारी दुपारी वारा सुटला, बर्फ आडवा उडू लागला. चोराला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता. मत्फी हातात मोठा पाना घेऊन टाकीमागे दबा धरून बसला. थोड्या वेळाने टोपी ओढलेला एक माणूस आला, खालची तोटी सैल केली आणि कॅन लावला.

पहिला पाना गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला. दुसरा मनगटावर. टोपी मागे पडली, तो याको होता. ओळखल्यावर मत्फी थांबायला हवा होता. थांबला नाही. पाना टाकून दिला आणि मुठींनी मारू लागला. बायको गेल्याचा राग, एवानच्या टोमण्याचा राग, सगळ्या थंडीचा राग याकोच्या तोंडावर निघाला. उघड्या तोटीतून तेल बर्फावर वाहत होतं.

"पोरा! सोड त्याला!"

घसरगाडी धरून पलीकडे उभी असलेली पारास्का धावत आली. म्हणजे तिला माहीत होतं. घरात मूल गारठलेलं, आणि टाकी तर तिच्या पोराची, मत्फीचीच! ती अख्ख्या गावाची आहे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने मत्फीची बाही धरली आणि ओरडली, "सोड म्हणते ना! बाप आहे मी तुझा!"

मत्फी वळला. काही लोक पुढे म्हणाले, उडत्या बर्फात त्याला दिसलं नसेल. खोटं आहे. त्याला ती नीट दिसली, ओळखूही आली. ओळखूनच त्याने बुक्की मारली, आणि ती मारताना त्याला बरं वाटलं.

पारास्का पडली. बर्फावर रक्त, त्यात दोन दात. 

आरडाओरडा ऐकून गाव जमलं. एवानने तोटी बंद केली आणि मत्फीची पाठ थोपटली, "शाबास रे वाघा! चुकलो आम्ही." बायका पातेली आणून तेलात भिजलेला बर्फ खरवडून नेत होत्या. याकोला विमानाने इस्पितळात नेलं. फौजदार येऊन गेला, पण गावाने तोंड उघडलं नाही. किल्ली मत्फीकडेच राहिली.

त्याचं दार मात्र कुणी उघडेना. कुणी पलंगावर येऊन बसेना. शेवटी त्याने आपल्या घरच्या पिंपातलं उरलंसुरलं तेल कॅनमध्ये ओतलं आणि तिच्या दाराशी गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ते दार वाजवलं.

पारास्काने उघडलं. जबडा सुजलेला, कडेवर गोधडीत गुंडाळलेलं मूल.

"अप्पा, हे माझ्या घरचं आहे. टाकीतलं नाही."

तिने कॅनकडे पाहिलं.

"गॅलनला काय भाव चाललाय, मत्फीकाका?"

"अप्पा, तुझ्याकडून कसले पैसे—"

"भाव सांगा."

मूल खोकलं. ती वाट पाहत उभी राहिली.

"पंधरा डॉलर," तो म्हणाला.

ती आत गेली, नोटा आणल्या, मोजून त्याच्या हातावर ठेवल्या आणि कॅन आत ओढून घेतला.

"दार लावते," ती म्हणाली. "ऊब जाते."