घाटावरचा दिवा

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. अब्बासच्या पाठी गोदावरी होती. येवल्याच्या विणकराचं पोर, मागावर मन रमेना म्हणून नाशकात येऊन म्युनिसिपालिटीत दिवेवाला झालं, आणि साहेबांनी नेमका त्याला नदीकाठ दिला. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा, ओठांवर अल्लाचं नाव. घाटाच्या खालच्या पायरीवरचा दिवा लावून तो असा वर पळायचा की आम्ही काठावरची मंडळी हसून बेजार व्हायचो.

पलीकडच्या सखल वस्तीत मात्र त्याच दिव्याला मोठा मान होता. पावसाळ्यात दिवा लागलेला दिसला म्हणजे दिवेवाला खालपर्यंत उतरलाय, पाणी आटोक्यात आहे, खुशाल निजावं. दिसला नाही, तर पोरंबाळं काखेला मारून टेकाड गाठायचं. अब्बासची बहीण सकीना, ओली बाळंतीण, त्याच वस्तीत राहायची.

सदतीस सालच्या आसपासची गोष्ट. त्र्यंबकाकडे आभाळ फाटलं होतं. दुपारीच पाणी चढू लागलं आणि अब्बासच्या पाचावर धारण बसली. संध्याकाळी पुन्हा उतरायला नको म्हणून त्यानं भर दुपारी दिवा लावला, काठोकाठ रॉकेल भरलं आणि वर येऊन निवांत बिडी ओढली.

दिवस मावळला. पाणी दिव्याच्या खांबाला भिडलं, शिपायांनी दोर लावून पूल बंद केला. अब्बासनं पलीकडे पाहिलं. वस्तीत चुली पेटल्या होत्या. कुणीही हललं नव्हतं, कारण दिवा जळत होता.

तो ओरडला, पण पुरापुढं त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. दिव्यावर दगड मारले, एकही लागला नाही. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या खंडेराव शिपायाला तो म्हणाला, "तुम्ही जाता का? मला पोहता येत नाय."

"मला तरी कुठं येतंय?" खंडेराव म्हणाला. पण त्यानं डोक्याचा फेटा सोडला आणि एक टोक अब्बासच्या कमरेला बांधलं.

अब्बास रडत रडत उतरला. पाणी छातीला लागलं तेव्हा मीही फेट्याला हात घातला, हसायचं तर दूरच. त्यानं खांबाला मिठी मारली, कसाबसा वर सरकला आणि कोपरानं काच फोडून दिवा विझवला. पलीकडे गलका झाला. हातातले कंदील टेकाडाकडे चढू लागले. आम्ही फेटा ओढून त्याला वर घेतला, तेव्हा त्याचे दात वाजत होते.

पूल उघडल्यावर तो धावतच बहिणीकडे गेला, आम्हीही मागोमाग. तिथं भलतंच कळलं. दिवा विझताच सगळी वस्ती वर पळाली, आणि सकीना तेवढी तान्हं शेजारच्या नवसाबाईच्या हाती देऊन नदीकडे पळाली होती. नवसाबाईनं एका काखेत पोर धरून दुसऱ्या हातानं तिला झिंज्या धरून मागं ओढलं.

"दिवा विझला तर वर पळायचं, एवढं कळत नाय तुला?" अब्बासनं विचारलं.

"जळता दिवा एकदम विझला, भाई. मला वाटलं, तूच गेलास."

अब्बास खाली बसला.

त्यानंतर घाटावर उतरला की तो आधी पलीकडे हाक मारायचा. सकीनाची ओ आल्याशिवाय काडी ओढायचा नाही. पाण्याला भ्यायचा तो भ्यायचाच, पण वर पळणं मात्र सुटलं. आणि आमचं हसणंही.