उलटं करून पाहिलेलं बदक

कुठलीही वस्तू उलटी करून पाहायची पुष्पलताची जुनी खोड. बोहारणीचा टोप, सुनेचा नवा मिक्सर, एकदा तर व्याह्यांनी आणलेला केकचा डबा. डोंगरी गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती आपली बदकं घेऊन तलावावर गेली, तर काठाशी कुणी टाकलेल्या फाटक्या जाळ्यात एक परकं बदक अडकलेलं. तिच्या बदकांच्या निम्म्या आकाराचं. अंग काळंभोर, कुशीला पांढरंशुभ्र, डोळे पिवळे आणि डोक्यामागे चक्क शेंडी. तिने कोयत्याने जाळं कापलं. बदक दोन पावलं चाललं आणि छातीवर आपटलं.

"लंगडा हाय बिचारा," म्हणत तिने ते पदरात गुंडाळून घरी आणलं आणि सवयीने उलटं केलं. पाय पार शेपटीजवळ गेलेले. सांधा सरकलाय, तिने ठरवून टाकलं. हळद-चुन्याचा लेप दिला, जुन्या साडीची पट्टी बांधली, खुराड्यात तांदळाची कणी ठेवली.

बदकाने कणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याची मान खाली जाऊ लागली.

"मरायच्या आधी रस्सा कर," नवरा झोपाळ्यावरून म्हणाला. मिठागर गेल्यापासून नाथा बहुतेक झोपाळ्यावरच असे.

"शेंडी हाय त्याला. गुरुजींना खाल?"

"उद्यापर्यंत जेवला तर गुरुजी. न्हाय तर मीच सुरी घेतो."

हे मग खातं तरी काय? पुष्पलताने आपलं एक बदक पकडून आणलं आणि दोघांना मांडीवर शेजारी शेजारी उलटं धरलं. तिच्या बदकाचे पाय पोटाखाली मधोमध, ह्याचे पार मागे. पण दोन्ही अगदी सारखे मागे, आणि सूज कुठेच नाही. दोन सांधे एकाच मापाने कसे सरकतील? उत्तनच्या कोळ्यांच्या होड्यांना पाण्यात ढकलणारा पंखाही मागेच असतो की!

तिने पट्टी सोडली, निळ्या पिंपात पाणी भरलं, बदक आत सोडलं आणि मूठभर कणी टाकली. कणी बुडाली. पाठोपाठ बदकही गडप. ती वाकली. तळाशी ते मागचे पाय मारत मारत एकेक कणी टिपत होतं.

"अवो, इकडं या! हा खाली जाऊन जेवतो!"

नाथा झोपाळ्यावरून उठला, हेच आश्चर्य. बराच वेळ पिंपावर दोन डोकी वाकलेली होती. मग तो टोपली घेऊन आला.

तलावावर सोडताच बदक पाण्यावर पाय आपटत धावलं आणि बुडी मारून नाहीसं झालं. पुष्पलता काठावर वाकली.

"बुडाला गं तुझा गुरुजी."

"थांबा जरा."

पार पलीकडे, कमळांजवळ, निथळती शेंडी वर आली. लगेच पुन्हा खाली.

"चल, रस्सा तर गेला. घरात काय हाय?"

"सुकट."

नाथा टोपली घेऊन निघाला. पुष्पलता मात्र काठावर वाकून उभीच राहिली. एवढा मोठा तलाव उलटा करून कसा पाहायचा, हे काही तिला सुचत नव्हतं.