वैशालीला फिट येत नव्हती

"तुमच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" ईसीजीची पट्टी हातात धरूनच डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या धाकट्या लेकीला, पल्लवीला घेऊन मी जळगावच्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर बसले होते. पिंप्राळ्यात आमच्या घरावरून वरात चालली होती. मागे फटाका वाजला आणि पल्लवी दारातच कोसळली. थोड्या वेळाने आपली आपण उठली. मला वाटलं, उन्हाने झालं असेल.

"थोरली गेली," मी म्हणाले. "वैशाली. बाळंतपणानंतर. तिला फिट यायच्या."

"कधी यायच्या?"

भांडं पडलं, कुणी एकदम मोठ्याने हाक मारली की यायच्या. शेवटच्या दिवशी दुपारी ती झोपली होती आणि उशाशी मोबाइल वाजला. फिटच्या गोळ्या तिने कधी चुकवल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "त्या फिट नसाव्यात. हृदयाचा ठोका बिघडत असणार. मेंदूला रक्त पोचलं नाही की तसेच झटके येतात. तुमचाही ईसीजी काढू."

माझ्या पट्टीतही तेच निघालं. लाँग क्यूटी सिंड्रोम. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. तेवढ्यात दचकायला झालं तर ताल सुटतो.

जनुकांच्या तपासणीसाठी आमचं रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी पल्लवीच्या खोलीत झोपायचे, तिचा श्वास ऐकत. घरातले सगळे मोबाइल मुके केले. दारावरची बेल काढून टाकली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. "ही हृदयाची पेशी. तिच्या आवरणात पोटॅशियमची आयन चॅनेल असतात, म्हणजे बारीक दारं. ती पेशीच्या आत बनतात, तिथेच तपासली जातात आणि मग आवरणापर्यंत पोचवली जातात. तुमच्यात यांतली बरीच बनताना नीट दुमडली जात नाहीत. पेशी त्यांना सदोष समजून आतच अडवते आणि मोडून टाकते. आवरणात दारं कमी पडतात, पोटॅशियम बाहेर पडायला वेळ लागतो आणि हृदय उशिरा तयार होतं."

"हे पल्लवीला माझ्याकडून आलं?"

"हो. बहुतेक थोरलीलाही. यात तुमचा दोष नाही."

ऐकलं. मनात शिरलं नाही. मला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नाही, आणि माझी लेक गेली.

ईसीजीच्या दिवसापासूनच आम्हा दोघींना बीटा ब्लॉकर सुरू होतं, ठोक्यांना आवर घालणारं औषध. वैशालीची मुलगी स्वरा धुळ्याला तिच्या वडिलांकडे होती. तिचाही ईसीजी करायला हवा होता. मी गेले तर व्याही आबा ओसरीवरूनच म्हणाले, "पोरले काय हुयेल शे? मस्त खेळी ऱ्हायनी ती."

खरंच, पोरीला काही झाल्यासारखं दिसत नव्हतं, ती अंगणात मस्त खेळत होती. मला तिच्याकडे बघवेना.

जावई मात्र चप्पल घालून उभे राहिले. धुळ्यातच ईसीजी काढला. पट्टी बघताना तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला, तेव्हाच मला कळलं.

ज्यांच्या घरात कुणी आवाजाने, पळताना किंवा बाळंतपणानंतर शुद्ध हरपून पडतं, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. फिट म्हणून सोडून देऊ नका, एकदा ईसीजी काढा. हा आजार निघाला तर घरातल्या सगळ्यांचा काढा. गोळी मनाने बंद करू नका, आणि दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना हा आजार सांगा. काही साधी औषधंसुद्धा याला चालत नाहीत.

त्या दिवशी धुळ्यातल्या दवाखान्याच्या बाकावर स्वरा माझ्या मांडीवर झोपली होती. जावयांनी खाली बघत विचारलं, "आई, वैशालीचं तेव्हाच कळलं असतं तर?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण म्हणाले, "औषध होतं. वाचली असती बहुतेक."

त्यांनी तोंडावर हात धरला. मग उठले, डॉक्टरांच्या दाराशी गेले आणि विचारलं, "साहेब, गोळी आजपासूनच द्यायची ना?"