ताजीगुलबाईंचं थांबलं पानी

"चारी बाजूंनी जमीन, मधी पानी. कुटं जात न्हाई, कुटनं पळत न्हाई. बसलंय आपलं म्हाताऱ्या याकावानी. त्याला काय म्हंत्यात?"

"थांबलं पानी, बाई!"

"शाब्बास. आन आपल्या देशातलं सगळ्यात मोठं?"

"इस्सिक-थांबलंपानी!"

मी पलीकडच्या खोलीत भागाकार शिकवत असायचो. मधे नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे ताजीगुलबाईंचा भूगोल माझ्या पोरांनाही पाठ. सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय झाली. सगळ्या चोलोक-तेरेक गावालाच सवय झाली, आणि घोटाळा झाला तो त्यामुळंच.

आमच्याकडं तळ्याला कोल म्हणतात. बोबडं पोरही म्हणतं. पण ताजीगुलबाईंच्या सासऱ्याचं नाव कोलबाय, आणि हाक मारताना नुसतं कोल. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नावात जो शब्द बसलाय तोही तोंडात आणायचा नाही. ज्याचं नाव लोखंडावरनं ठेवलंय त्याची सून लोखंडाला "काळं कडक" म्हणते आणि तिचं निभतं. भूगोलाच्या बाईनं काय करावं? त्यात हा कोलबाय शाळेतच कामाला. वर्गातल्या लोखंडी चुलीत गोवऱ्या घालायचा. थंडीत दर तासाला बादली वाजवत आत येणार, राख उकरणार, आणि ऊब लागली की तिथंच उकिडवा बसून सुनेचा धडा ऐकणार.

बाकी बाई म्हणजे चाबूक. डोंगराच्या पलीकडनं लग्न होऊन आल्या, दुसऱ्या वर्षी शाळेत लागल्या, आणि त्याच वर्षी सख्ख्या दिराच्या पोराला भूगोलात दोन गुण देऊन नापास केलं. जावेनं महिनाभर त्यांच्या पेल्यात चहा ओतला नाही. बाई स्वतः ओतून प्यायच्या आणि वर म्हणायच्या, "चहा झ्याक झालाय, वैनी. पोराला डोंगररांगा इचारा." परीक्षेच्या तोंडावर कुणी वाळल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी आणून ठेवली, की ती पिशवी पोराच्या गळ्यात बांधून माघारी. "आईला म्हनावं, निकाल लागल्यावर दे. तवा खाईन." मला तर धाकच वाटायचा. एकदा पोटऱ्या दुखतात म्हणून मी पोरांना नुसतं बसवून ठेवलं, तर फळ्यांच्या फटीतनं आवाज आला, "मास्तर, पोटऱ्या दुखत्यात, जीभ न्हाई ना?"

त्यांचं एक ठरलेलं होतं. पोरांना अर्धं शिकवायचं नाही. आणि नेमका तोच एक शब्द अर्धा राहिला होता.

पोरांनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. घरात मुतणं म्हणतात आणि शाळेत लघवी, तसं हे असणार. कोल हा घरचा गावठी शब्द, थांबलं पानी हा शास्त्रातला. पुस्तकात तर कोल छापलंय, असं एका पोरीनं म्हटल्यावर दुसरी म्हणाली, "पुस्तक काय, कुनीबी छापतं. बाई बोलत्यात का कदी?" ही दुसरी म्हणजे केरेज, वर्गातली पहिली. तिला तालुक्याच्या वसतिगृहाच्या शाळेत जायचं होतं आणि तिथली जागा या वर्षाच्या निकालावर होती.

तालुक्याची परीक्षा झाली. निकाल आलाच नाही. त्याऐवजी तालुक्याच्या शिक्षण खात्याचे दुलात साहेब आले.

साहेब तरुण, शहरात शिकलेले, बिनलग्नाचे. बुटांना शेण लागलेलं त्यांना खपत नव्हतं आणि आमच्या गावात दुसरं काही लागत नाही. हेडमास्तरांच्या खोलीत त्यांनी उत्तरपत्रिका टेबलावर आपटल्या.

"सगळ्या वर्गानं एकच चूक एकाच शब्दात केलीय. थांबलं पानी! असला शब्द पृथ्वीवर नाही. म्हणजे कुणीतरी उत्तरं सांगितली. कॉपी सिद्ध झाली तर सगळा वर्ग पुन्हा त्याच वर्गात, आणि बाई घरी."

हेडमास्तर घाबरट माणूस, पण वाईट नव्हे. त्यांनी बाईंना व्हरांड्यात घेतलं. मी तिथंच खडू शोधत होतो.

"ताजीगुल, म्हन की पोरांनी एकमेकांचं बघून लिव्हलं. दोन पोरांवर घालू. तुजी नोकरी वाचंल, बाकीची बी सुटतील."

"कुटली दोन?"

"कुटलीबी. मागच्या बाकावरची."

"मागच्या बाकावरची तुमाला फुकटात गावली व्हय? आन माज्या तोंडानं खोटं बोलल्यावर उद्या कुटल्या तोंडानं शिकवू?" असं म्हणून बाई तडक वर्गात गेल्या. मागोमाग साहेब, हेडमास्तर आणि मी. माझ्या पोरांना मी भागाकार दिला होता, पण कुणी करत नव्हतं. सगळ्यांचे कान फटीला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "पोरं खरी हाईत. कुनी कुनाचं बघितलं न्हाई. म्याच तसं शिकवलं. चूक माजी."

"तसं म्हणजे कसं?"

"शब्द दुसरा हाय."

"कोणता?"

"त्योच."

"तोच म्हणजे?"

"आवं, तुमाला म्हाईत हाय की!"

"मला माहीत आहे. तुम्हाला आहे का?"

चुलीपाशी कोलबाय उकिडवा बसून गोवरी मोडत होता. मोडून मोडून तिचा भुगा झाला तरी मोडतच होता.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, कोल. लिहायला रीत आड येत नाही. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. ते पोरांकडं वळले. "फळ्यावर काय आहे?"

"कोल!"

"मग परीक्षेत काय लिहायला पाहिजे होतं?"

"थांबलं पानी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. बाईंची बाजू घेतोय म्हणून पोरांना चेव आलेला. केरेज तर उठून उभी राहिली. "साहेब, कोल आमी घरात म्हंतो. बाई कदीच म्हनत न्हाईत. खरा शब्द असता तर बाई बोलल्या नसत्या व्हय?"

साहेबांनी कपाळ धरलं. हेडमास्तरांनी कानात रीत सांगितली. सासरा कोण, म्हणून साहेबांनी विचारलं. हेडमास्तरांनी चुलीकडं बोट केलं. साहेबांनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा फळ्याकडं. हसू आलं होतं, पण दाबलं.

"बाई, मला तो शब्द ऐकायची हौस नाही," ते म्हणाले. "पण ही पोरं पुस्तकाचं मानत नाहीत, फळ्याचं मानत नाहीत. तुमच्या तोंडचं तेवढं मानतात. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

पदर नाही आमच्याकडं, नाहीतर बाईंनी तो तोंडात कोंबला असता. डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. केरेज अजून उभीच होती. बाईंवर ठाम विश्वास, आणि त्या विश्वासापायी वर्ष वाया.

तेवढ्यात कोलबाय उठला. "गवऱ्या संपल्या," म्हणाला आणि काठोकाठ भरलेली बादली उचलून बाहेर निघाला. दारात एक गोवरी सांडलीही. ती उचलून परत वर ठेवली, आमच्या कुणाकडं न बघता दार ओढून घेतलं.

बाईंनी श्वास घेतला.

"पोरांनू, नीट ऐका. थांबलं पानी हा शब्द शास्त्रात न्हाई. त्यो म्या माज्या सोयीनं काढला आन तुमच्या गळ्यात बांधला. मास्तरीन बाईनं तसं करू नये. खरा शब्द..." मग डोळे मिटून, डोंगरावरनं मेंढ्या वळवताना घालतात तसल्या आवाजात बाई ओरडल्या, "कोल!"

"काय गं?" बाहेरनं म्हातारा ओरडला.

पुढं काय झालं ते सांगायला नको. माझ्या बाजूची पोरं फळ्यांवर डोकी आपटून हसत होती. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे, खांदे हलत होते. हसल्या नाहीत त्या एकट्या बाई. त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं. "गप! हसायला काय झालं? केरेज, म्हन."

"कोल, बाई." केरेजच्या तोंडातनं तो शब्द असा निघाला, जसा आजच शिकली.

मग साहेबांनी एकेका पोराला तोंडी विचारलं. पोरांना सगळं येत होतं. कॉपीचं मिटलं. "निकाल लावतो," साहेब म्हणाले. "त्या एका प्रश्नाचे गुणही देऊन टाकू."

"का म्हनून?" बाई म्हणाल्या. "चुकलंय ते चुकलंय. त्येवढं कापा."

"बाई!" वर्ग कळवळला.

"कापा साहेब. केरेज तेवढं सोडूनबी पहिलीच हाय."

"तुमच्या नावावर मात्र ताकीद लिहावी लागेल."

"लिवा की. नीट अक्षरात लिवा, म्हंजे पुढची बाई वाचंल."

घरी सासूनं काय केलं ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक की दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा बाईच ओतून घेत होत्या.

त्या दिवशी निघताना साहेबांची गाडी चिखलात रुतली, ढकलायला हेडमास्तर गेले. मी माझ्या भागाकाराकडं वळलो. कोलबायनं तीच भरलेली बादली आत आणून चुलीपाशी ठेवली, आणि पुन्हा "गवऱ्या संपल्या" म्हणून ती घेऊन बाहेर गेला.

फटीतनं बाईंचा आवाज आला. "नकाशा उघडा. बोट ठिवा. इस्सिक-कोल."

बाहेर एक खोकला.

"त्याच्या खाली, डावीकडं. सोन-कोल."

आणखी एक खोकला.

"खिडकीकडं काय बघताय? नकाशात बघा. चातिर-कोल..."